रिचर्ड ब्राइट : चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

दोनशे वर्षांपूर्वी अंगावर सूज येणे हाच एक रोग मानला जाई. पाय, पोट, चेहरा सुजलेला रुग्ण आला की डॉक्टर त्याचे रक्त काढत, जुलाब देत आणि वाट पाहत. ही सूज म्हणजे केवळ लक्षण आहे आणि तिच्यामागे बिघडलेली मूत्रपिंडे असू शकतात, हे पुराव्यानिशी दाखवले ते डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी. मूत्रपिंडविज्ञानाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते एडिनबरोला गेले; पण शिक्षण सुरू असतानाच १८१० मध्ये एका मोहिमेबरोबर आइसलँडला जाऊन तिथल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या नोंदी करून आले. पुढे हंगेरीत फिरले, त्यावर पुस्तक लिहिले आणि त्यातली चित्रेही स्वतः काढली. बारकाईने पाहायचे आणि पाहिलेले जसेच्या तसे कागदावर उतरवायचे, ही सवय त्यांना इथेच लागली. पुढच्या संशोधनात तीच कामी आली.

१८२० मध्ये ते लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. अॅडिसन आणि हॉजकिन हे त्यांचे तिथले सहकारी. त्यांची नावेही आज आजारांच्या नावांत टिकून आहेत. १८२२ मध्ये ब्राइट यांचे लग्न झाले, पण बाळंतपणानंतर काही दिवसांतच पत्नी मार्था गेली. यानंतरच्या काही वर्षांतच त्यांच्या हातून सर्वांत मोठे काम झाले.

ब्राइट यांची पद्धत अगदी साधी होती. सूज असलेल्या रुग्णाची थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. अंड्यातला पांढरा बलक तापवल्यावर घट्ट होतो, तशी काही रुग्णांची लघवी गढूळ होऊन साकळत असे. याचे कारण लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन. सूज आलेल्यांच्या लघवीत असा पदार्थ असतो, हे त्यांच्याआधीही काहींनी नोंदवले होते. ब्राइट त्यापुढे गेले. रुग्ण दगावल्यावर ते शवविच्छेदन करत आणि मूत्रपिंडे नीट तपासत. ती खरखरीत, आकसलेली किंवा रंग बदललेली आढळत. सूज, लघवीतले प्रथिन आणि खराब मूत्रपिंड या तीन गोष्टींची साखळी त्यांनी १८२७ मध्ये रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी जॉन बोस्टॉक यांनी रासायनिक तपासणी केली, तेव्हा अशा रुग्णांच्या रक्तात युरिया साचत असल्याचेही दिसले.

१८३६ मध्ये ब्राइट यांनी अशा १०० रुग्णांची माहिती तक्त्यात मांडली. त्यांपैकी अनेकांचे हृदय मोठे झालेले होते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र तेव्हा रुग्णालयात नव्हते, तरीही मूत्रपिंडाचा बिघाड आणि मोठे झालेले हृदय यांचा संबंध आहे हे त्यांनी ओळखले. १८४२ मध्ये गाइजमध्ये केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी दोन वॉर्ड राखून ठेवले गेले आणि सोबत छोटी प्रयोगशाळाही मिळाली. एकाच आजारासाठी वॉर्ड आणि प्रयोगशाळा शेजारी असणे ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती.

उपचार मात्र ब्राइट यांच्या हाती नव्हता. निदान करता येत होते, पण रुग्ण वाचवता येत नव्हते, आणि हे त्यांनी लपवलेही नाही. १६ डिसेंबर १८५८ रोजी हृदयाच्या झडपेच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनेक दशके मूत्रपिंडाच्या आजाराला 'ब्राइटचा आजार' असेच म्हटले जाई. अमेरिकेचे माजी अध्यक्ष चेस्टर आर्थर १८८६ मध्ये त्यानेच गेले.

पुढे या एका नावाखाली अनेक वेगवेगळे आजार दडलेले आहेत हे कळले. त्यांपैकी एक आज आपल्या घरात शिरला आहे : लठ्ठपणातून होणारा मूत्रपिंडाचा आजार. अतिलठ्ठ व्यक्तींच्या लघवीतून मोठ्या प्रमाणात प्रथिन जाते, हे १९७४ मध्ये नोंदवले गेले. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि जन्मानंतर त्या वाढत नाहीत. शरीराचे वजन वाढले की तेवढ्याच गाळण्यांवर जास्त काम पडते. त्या फुगतात आणि त्यांना बाहेरून बिलगलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी ताणल्या जाऊन गळू लागतात. शिवाय चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. चरबीच्या पेशी रक्तदाब वाढवणारे आणि दाह निर्माण करणारे रेणू रक्तात सोडतात. लेप्टिन हे संप्रेरक वाढते आणि ते गाळणीत व्रण निर्माण करू शकते. पोडोसाइटचे रक्षण करणारे अॅडिपोनेक्टिन मात्र लठ्ठपणात घटते. म्हणजे मारा वाढतो आणि ढाल पातळ होते.

दिलासा असा, की ब्राइट यांच्याकडे नसलेले उपाय आपल्याकडे आहेत. वजन घटवले की लघवीतले प्रथिन बऱ्याचदा कमी होते. रक्तदाब व मधुमेहाची काही औषधे गाळणीवरचा दाब उतरवतात. पण त्यासाठी बिघाड वेळेत कळायला हवा आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून वजन जास्त असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. चमचा आणि मेणबत्तीची जागा आता यंत्राने घेतली आहे, पण शोधायचे आहे ते तेच प्रथिन.