रेव्हरंड नारायण वामन टिळक : स्वतःच्या शोधात निघालेला कवी



जून महिना आला की नवीन मुलांची नावे आपण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये घेतो. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, मातृभाषा. रकाने भरले, सही झाली, की आपले काम संपते. पण त्या रकान्यांत अख्खे मूल मावते का हो? मी कोण आणि मी कशासाठी जगायचे, हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांच्या मनात येतोच. आपल्याला ते विचारत नाहीत, एवढेच.

आज आपण अशा एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याने हा प्रश्न अर्धे आयुष्य उराशी बाळगला. उत्तर सापडले तेव्हा धर्माचा रकाना बदलावा लागला आणि त्याची किंमत त्याच्या घराने मोजली. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केली. पण कवीच्या नावापुढे रेव्हरंड का लागले, हे मुलांना सांगायची वेळ आली की आपण जरा घाईनेच पुढे जातो. तेच आज थोडे थांबून बघू या.

आधी आपल्या मातीतली एक गोष्ट

आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव. नामदेव लहानपणापासून विठ्ठलाचे लाडके, तरी संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. मग नामदेव गुरूच्या शोधात निघाले. आपल्याकडे सांगतात की औंढा नागनाथाला त्यांना विसोबा खेचर भेटले, ते पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तर म्हातारा म्हणाला की जिथे देव नसेल तिथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेवांना तशी जागा काही सापडेना. तिथे मडके पक्के झाले.

ही गोष्ट आधी सांगायचे कारण आहे. टिळकही असेच शोधायला निघालेले होते, आणि त्यांची वाटही संतांच्या अभंगांतूनच गेली.

घर सुटले

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक, कवितेची आवड असलेली. वडील वामनराव कडक स्वभावाचे. नारायणाला जी माया मिळाली ती आईकडून, आणि लहानपणीच आई गेली. त्यानंतर त्या घरात त्यांचे मन लागले नाही. ते बाहेर पडले आणि नाशिकला आले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. काही काळ शाळेत जाऊन इंग्रजीही शिकले, पण शिक्षण पुरे करता आले नाही.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, नाव मनकर्णिका, वय अकरा-बारा. सासरी ती लक्ष्मी झाली. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. त्यांना अक्षरओळख पुढे टिळकांनीच करून दिली.

संसार सुरू झाला, पण टिळक एका जागी टिकत नसत. कधी शिक्षकाची नोकरी, कधी कीर्तन, कधी पुराण, कधी नुसतेच उठून चालू लागणे. घरात न सांगता निघून जायचे आणि लक्ष्मीबाईंनी वाट बघत बसायचे, असे किती वेळा झाले. आजच्या भाषेत आपण अशा माणसाला बेजबाबदार म्हणू, आणि ते चूक ठरणार नाही. चरित्र सांगताना ही बाजू लपवू नये. माणूस मोठा होता म्हणून त्याच्या बायकोचे हाल लहान होत नाहीत.

मनातला प्रश्न

मग हा माणूस शोधत तरी काय होता? दोन गोष्टी. एक म्हणजे देव, आणि दुसरी म्हणजे देशाचे भले. टिळक कडवे देशप्रेमी होते. जातीजातींत तुटलेला हा देश उभा कसा राहील, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देत नसे. सुधारलेला, सर्वांना एकत्र आणणारा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करताना त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालवले. विद्वत्ता होती, कविता होती, वक्तृत्व होते. फक्त हे सगळे कशासाठी वापरायचे, ते ठरत नव्हते. सगळे गुण अंगी असून दिशा नसलेली मुले आपल्याही वर्गात असतात, आठवून बघा.

रेल्वेतली भेट

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन मिशनरी भेटला. गोष्टी निघाल्या, त्या कवितेवरून धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार भेट दिला, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही सांगून टाकले. टिळकांना ते अर्थातच पटले नाही. पण शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतले.

वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथे थबकले. जे दीन आहेत, शोक करतात, नीतिमत्त्वासाठी भुकेले आहेत, त्यांना धन्य म्हणणारी ती शिकवण. शत्रूवर प्रेम करा म्हणणारी. ज्या प्रश्नांना घेऊन आपण इतकी वर्षे फिरलो त्यांची उत्तरे इथे आहेत, असे त्यांना वाटले. आणि नुसती शिकवण नव्हे, त्या शिकवणीमागची व्यक्ती त्यांना भेटल्यासारखी झाली. आजवर ते धर्माबद्दल वाद घालत होते. आता कोणाच्या तरी मागे जावेसे वाटू लागले. गुरू शोधणाऱ्या माणसाला गुरू सापडला.

तरी निर्णय लगेच झाला नाही. शंका, वाचन, प्रश्नोत्तरे, एकट्याने सोसलेली घालमेल, यांत दोन वर्षे गेली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या आपल्याच देशबांधवाच्या हातून त्यांनी घेतला. ही बाब छोटी दिसते, पण तिच्यात पुढचे सगळे आयुष्य आहे. ख्रिस्त पाहिजे होता, साहेब व्हायचे नव्हते.

किंमत कोणी मोजली?

ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. नातेवाइकांच्या आधाराने त्या राहिल्या, त्यात पंढरपूरचा मुक्काम मोठा. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. चार-पाच वर्षे दोघांची ताटातूट झाली. या काळात टिळकांनी दुसरे लग्न केले नाही आणि पत्नीवर धर्म लादलाही नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. आधी लक्ष्मीबाई वाट बघायच्या, आता पाळी त्यांची होती.

शेवटी लक्ष्मीबाई आल्या, पण आपले सोवळे-ओवळे घेऊन आल्या. सुरुवातीला त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. हळूहळू, स्वतःच विचार करून, त्यांच्या मनातली शिवाशिव गळून पडली आणि १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो दुष्काळाचा काळ. अनाथ मुलांचे काम दोघांनी खांद्याला खांदा लावून केले. जी बाई एकेकाळी दुसऱ्याच्या हातचे पाणी पीत नव्हती, ती आता कोणाच्याही लेकराला पोटाशी धरत होती. टिळकांना जो प्रश्न पुस्तकातून सुटला, तो लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी सोडवला. दोन्ही शोध तेवढेच खरे.

ओळख सापडली, भाषा तीच राहिली

आता बघा, धर्म बदलल्यावर टिळक मराठीपासून तुटले का? उलट झाले. तोवर मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली गीते पुष्कळ म्हणत. टिळकांनी अभंग, ओवी, पदे, भजने लिहिली. कीर्तनाचा बाज प्रार्थनेत आणला. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. नामदेव, ज्ञानोबा, तुकोबा त्यांनी मागे टाकले नाहीत, सोबत घेतले. ‘अभंगांजली’ हा त्यांचा संग्रह त्याच भक्तीचा. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायली जातात.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. घर सगळ्यांसाठी उघडे असे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक हळवा तरुण त्यांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. आपले बालकवी ते हेच. त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले नाही. आपली श्रद्धा पक्की असली की दुसऱ्याची वेगळी असल्याची भीती वाटत नाही, हे त्या घराकडे पाहून कळते.

देशप्रेमही कमी झाले नाही. येशू ख्रिस्ताला परदेशी पोशाखातून बाहेर काढून भारतीय माणसाला दाखवायचे, हेच त्यांनी आयुष्याचे काम मानले. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले. १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ते संन्याशाच्या वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी जे सर्वांना जोडणारे काहीतरी हा तरुण शोधत होता, ते त्याला अखेर असे दिसले.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पूर्ण कोणी केले? ज्यांना टिळकांनी अक्षरे शिकवली, त्या लक्ष्मीबाईंनी. आणि आपल्या संसाराची सगळी कहाणी, नवऱ्याच्या चुकांसकट, कडवटपणा न ठेवता ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिली. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत तिची गणना होते.

वर्गात सांगताना

शिक्षक मित्रहो, हे चरित्र कोणत्याही धर्माचा प्रचार म्हणून सांगायचे नाही आणि धर्माचा भाग गाळूनही सांगायचे नाही. गाळला तर टिळक उरतच नाहीत. मला वाटते, तीन गोष्टींवर मुलांशी बोलता येईल.

पहिली, प्रश्न पडणे हा दोष नाही. टिळकांना उत्तर सापडायला तीस-बत्तीस वर्षे लागली. मुलाने मोठा प्रश्न विचारला तर गप्प बस म्हणू नका.

दुसरी, आपण कोण आहोत हे सापडले, की आपल्या माणसांकडे आणि आपल्या भाषेकडे परत यावेसे वाटले पाहिजे. टिळकांना ख्रिस्त भेटला आणि ते जास्त मराठी झाले.

तिसरी, आपल्या शोधाचा भार घरातल्या कोणावर तरी पडत असतो. टिळकांसोबत लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्याशिवाय हा पाठ संपवू नका. मुलींनी तर तो प्रश्न जरूर विचारावा.

पालकहो, तुमच्यासाठी एकच. सुट्टीत मुलांना नरसीला, औंढ्याला घेऊन जालच. तिथे नामदेवांची कच्च्या मडक्याची गोष्ट सांगाल, तेव्हा जोडीला टिळकांचीही सांगा. आणि गोष्ट संपल्यावर मुलाला हळूच विचारा, तुला काय शोधावेसे वाटते? उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. भाजायला वेळ लागतोच.