ॲमॉस अलोन्झो स्टॅग : प्राध्यापकाचा दर्जा मिळालेले खेळशिक्षक



परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला किंवा विज्ञानाला द्यायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. खेळाचे सर म्हणजे जरा कमी महत्त्वाचे सर, असंही कुठेतरी आपल्या मनात असतं. म्हणूनच आज तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्यांना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मोठ्या विद्यापीठाने इतर प्राध्यापकांच्या रांगेत बसवलं. त्यांचं नाव ॲमॉस अलोन्झो स्टॅग.

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे गडी त्या पळणाऱ्याला धरून खाली पाडतात. धसमुसळा खेळ आहे. अमेरिकेत तो वाढला कॉलेजांच्या मैदानांवर.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सी राज्यातल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील बूट दुरुस्त करत, मिळेल ती मजुरीही करत. घरात आठ भावंडं. शिक्षण रखडत झालं, त्यामुळे येल विद्यापीठात पोहोचायला बावीस वर्षांचं वय उजाडलं. त्यांना धर्मोपदेशक व्हायचं होतं. येलमध्ये आधी त्यांचं नाव झालं ते बेसबॉलमध्ये, चेंडू टाकणारा म्हणून. पैसे देऊन खेळायला बोलावणारे व्यावसायिक संघ दारात आले, पण त्यांनी नकार दिला. घरची परिस्थिती लक्षात घ्या, म्हणजे या नकाराचं वजन कळेल.

फुटबॉलमध्ये ते येलच्या १८८८ च्या संघात होते. त्या संघाने १३ सामने खेळले, ६९८ गुण केले आणि समोरच्यांना एकही गुण करू दिला नाही! पुढच्या वर्षी देशभरातल्या कॉलेज खेळाडूंमधून पहिल्यांदाच अकरा जणांचा सर्वोत्तम संघ निवडला गेला. त्यातही स्टॅग होते.

मग धर्मोपदेशक का झाले नाहीत? कारण चारचौघांत बोलायला उभं राहिलं की त्यांचं गाडं अडायचं. प्रवचन आपल्याला जमणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि मुलं घडवायचं काम मैदानावरून करायचं ठरवलं. १८९० मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत शिकवायला गेले. तिथे त्यांच्या फुटबॉल संघात जेम्स नेस्मिथ नावाचा गडी होता. हो, बास्केटबॉल शोधून काढणारे तेच नेस्मिथ. मार्च १८९२ मध्ये लोकांसमोर पहिला बास्केटबॉल सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. शिक्षक ५-१ असे हरले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा होता. गंमत म्हणजे फुटबॉलच्या सवयीने ते समोरच्याला सारखे ढकलत होते.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ सुरू झालं. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे शिक्षक होते. त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं आणि सहयोगी प्राध्यापकाचं पद दिलं. नोकरी कायमची. त्या काळी प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता आणलेला माणूस, अनेकदा कॉलेजचाच एखादा जुना खेळाडू. सामने संपले की तोही गेला. खेळ हा शिक्षणाचा भाग असेल तर तो शिकवणारा माणूस शिक्षकच धरला पाहिजे, हा हार्पर यांचा विचार. मला तो आजही पटतो.

सुरुवात अगदी साधी होती. गडी इतके कमी की पहिल्या हंगामात प्रशिक्षक स्टॅग स्वतःच मैदानात उतरून खेळले. पुढे ४१ हंगाम ते तिथे राहिले आणि पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या स्पर्धेत सात वेळा शिकागोला विजेतेपद मिळालं. ते दारू पीत नसत, सिगारेट ओढत नसत, शिवीही देत नसत. फारच राग आला तर खेळाडूला गाढव म्हणायचे, बस्स! पत्नी स्टेला यांचाही या कामात हात होता. प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघून त्यांच्या चाली त्या कागदावर उतरवून आणत.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण १९०५ हे साल सांगितल्याशिवाय स्टॅग पुरते कळत नाहीत.

त्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना किमान १८ मुलांचा जीव गेला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून समज द्यावी लागली. खेळ बंद करा, अशी मागणी जोर धरू लागली. स्टॅग नियम समितीवर होते. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळ्यांनी एकाच ढिगात घुसण्याऐवजी खेळ मैदानभर पसरला. या बदलाच्या बाजूने जे होते त्यांत स्टॅग होते.

पण त्याच १९०५ मध्ये शिकागोने मिशिगनला २-० असं हरवलं. मिशिगन त्याआधी सलग ५६ सामने हरलेलं नव्हतं. शिकागोत नुसता जल्लोष झाला. या संघाचा हिरो होता वॉल्टर एकरसॉल. आणि त्याच महिन्यात कॉलियर्स साप्ताहिकाने लेखमाला छापली, की ही कॉलेजं अभ्यासात कच्च्या मुलांना केवळ खेळासाठी दाखल करून घेतात. त्यात एकरसॉलचंही नाव होतं. प्रवेशाच्या अटी तो पूर्ण करत नव्हता, तरी त्याला घेतलं होतं. त्याने मैदान गाजवलं आणि पदवी न घेताच तो बाहेर पडला. पुढे तो क्रीडा पत्रकार झाला, उपाशी राहिला नाही. तरीही तुम्ही वर्गशिक्षक असाल तर तुम्हाला टोचेल, मला तर टोचतंच. शिवी न देणारे, धर्मोपदेशक व्हायला निघालेले स्टॅग इथे गप्प बसले. त्यांच्या विभागाचा पैसा वेगळा, हिशेब वेगळा, आणि तिकिटांवर मिळकतही भरपूर. प्राध्यापक म्हणून आलेल्या माणसाच्या मुलाचं शिक्षणच अर्धवट राहिलं.

१९२४ नंतर शिकागोचा संघ घसरत गेला. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स हे तिशीतले अध्यक्ष आले. विद्यापीठ अभ्यासासाठी असतं, यावर ते ठाम होते. १९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले आणि नियमाने त्यांना निवृत्त केलं गेलं. दुसरं काहीतरी बिनमैदानाचं काम देऊ केलं होतं, त्यांनी ते घेतलं नाही.

सत्तरीत माणूस काय करतो? स्टॅग कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी गेले आणि कॉलेज ऑफ द पॅसिफिक या छोट्या कॉलेजात नव्याने रुजू झाले. १९३८ मध्ये तिथली मुलं घेऊन ते शिकागोला आले. सामना झाला त्यांच्याच नावाच्या स्टॅग फील्डवर. त्यांच्या नव्या संघाने जुन्या शिकागोला ३२-० असं हरवलं. पुढच्याच वर्षी हचिन्स यांनी शिकागोत फुटबॉल बंद करून टाकला. रिकाम्या पडलेल्या त्या मैदानाच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया करून दाखवली. विज्ञानाच्या सरांना ही जागा नक्की माहीत असेल.

इकडे १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, स्टॅग यांना देशातल्या प्रशिक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडलं. १९४६ नंतर तिथूनही बाहेर पडावं लागलं. मग पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने प्रशिक्षण केलं, आणि परत स्टॉकटनला येऊन एका कॉलेजात चेंडूला लाथ कशी मारायची ते शिकवलं. हे काम थांबलं १९६० मध्ये, तेव्हा वय होतं ९८. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर ३१४ विजय आहेत. स्टेला १९६४ मध्ये गेल्या. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ वर्षांचे असताना, स्टॅग स्टॉकटनलाच वारले.

शिकागो विद्यापीठाने १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला, पण छोट्या प्रमाणावर. सामने आता दुसऱ्या मैदानावर होतात, त्यालाही स्टॅग यांचंच नाव आहे. जुन्या मैदानाच्या जागी विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय उभं आहे.