बर्फाखालच्या झोपडीत एकटाच माणूस : थंडीपेक्षा घातक ठरली घरातलीच शेगडी!

उणे ६० अंश तापमान, महिनोन्महिने अंधार आणि जवळचा माणूस सुमारे २०० किलोमीटरवर. अशा ठिकाणी एकट्याने राहायची तयारी किती जणांची असेल? १९३४ साली अमेरिकेच्या ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांनी हे धाडस केलं होतं.

बर्ड तेव्हा जगप्रसिद्ध होते. १९२९ मध्ये दक्षिण ध्रुवावरून पहिल्यांदा विमान नेणाऱ्या चमूचे ते प्रमुख. अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या मोहिमेत त्यांना एक वेगळं काम करायचं होतं. तोवर हवामानाच्या नोंदी किनाऱ्याजवळच्या तळांवरच व्हायच्या. आतल्या भागात हिवाळ्यात नेमकं काय घडतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून 'लिटल अमेरिका' या मुख्य तळापासून दक्षिणेला एक छोटं हवामान केंद्र उभारायचं ठरलं.

तिथे खरं तर तिघं राहणार होते. पण हिवाळा तोंडावर आला आणि तिघांना पुरेल इतकं सामान पोहोचवणं जमेना. दोघांना ठेवलं, तर इतक्या अरुंद जागेत ते एकमेकांच्या जिवावर उठतील, अशी बर्ड यांना भीती होती. शेवटी ते स्वतः एकटेच राहिले. मार्चच्या अखेरीस बाकीचे सहकारी परतले.

झोपडी होती जेमतेम ९ बाय १३ फुटांची. वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून ती बर्फात खड्डा करून बसवलेली. ये-जा छतातल्या झडपेतून. एप्रिलमध्ये सूर्य मावळला, तो थेट ऑगस्टच्या अखेरीस उगवणार होता. रोज हवामानाच्या नोंदी घ्यायच्या आणि ठरलेल्या दिवशी रेडिओवरून मुख्य तळाशी बोलायचं, असा दिनक्रम सुरू झाला. तळावरच्या लोकांचा आवाज त्यांना ऐकू यायचा, पण त्यांना स्वतःला उत्तर मोर्स कोडमध्येच द्यावं लागायचं.

घात केला तो ऊब देणाऱ्या शेगडीने. तिच्या धुराड्याचे सांधे गळके होते आणि हवा खेळण्याचे पाईप बर्फाने बुजायचे. त्यामुळे झोपडीत कार्बन मोनॉक्साइड साचू लागला. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. ३१ मे रोजी रेडिओच्या जनरेटरचा धूरही त्यात मिसळला आणि बर्ड कोसळले.

आता पेच असा, की शेगडी पेटवली तर विषबाधा आणि विझवली तर गारठून मरण. ते दिवसातले कित्येक तास शेगडी बंद ठेवू लागले. भिंतींवर बर्फ चढत गेलं. जेवण पोटात टिकेना. तरीही नोंदी थांबल्या नाहीत.

आजारपणाबद्दल मात्र त्यांनी तळाला काहीच कळवलं नाही. कळवलं असतं, तर सहकारी अंधारात आणि वादळात निघाले असते आणि वाटेतल्या बर्फाच्या भेगांमध्ये जीव गमावून बसले असते. पण त्यांचे संदेश तुटक होत गेले आणि तळावर संशय बळावला. थॉमस पोल्टर यांच्या नेतृत्वाखाली ट्रॅक्टर निघाले. दोन प्रयत्न फसले. अखेर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिघंजण पोहोचले, तेव्हा बर्ड हाडांचा सापळा झाले होते. विमानप्रवास झेपेल इतकी ताकद यायला आणखी दोन महिने गेले.

१९३८ मध्ये 'अलोन' या पुस्तकात त्यांनी हा अनुभव मांडला. १९५७ मध्ये त्यांचं निधन झालं.

हा धोका फक्त अंटार्क्टिकापुरता नाही. बंद बाथरूममधला गॅस गीझर किंवा थंडीत दारं-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी हाच वायू तयार करू शकते. डोकं दुखू लागलं, गरगरलं किंवा मळमळलं, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या. आणि खिडकीची एक फट कायम उघडी ठेवा!