गुलबर्ग्याचा आकाशवेडा सुलतान

गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्र पाहायचा नाही, हा नेम आपल्या घरांतून अजून पाळला जातो. आमच्या लहानपणी तर दिवेलागणीलाच आजी सगळ्या पोरांना आत ओढायची. चोरीचा आळ येतो म्हणे! हल्लीच्या मुलांचे प्रश्न मात्र वेगळेच. शनीला अडीचशेहून जास्त चंद्र आहेत, मग पृथ्वीला एकच का? बुधाला एकही का नाही? आणि हे सगळे ग्रह स्वतःभोवती फिरतात तरी कशाला? यंदा मंडपात हा भडिमार ऐकताना आम्हाला आपल्या गुलबर्ग्याच्याच एका माणसाची आठवण झाली. (आता कलबुर्गी म्हणायचे, पण जुनी जीभ वळत नाही.) तो माणूस म्हणजे सुलतान फिरोजशहा बहमनी.

दर्ग्याकडे जाताना लागणारे सात घुमट आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यातली सर्वांत मोठी, जोडघुमटांची इमारत ही याची कबर. १३९७ मध्ये तो गादीवर आला आणि पंचवीस वर्षे त्याने राज्य केले. विजयनगरशी लढाया, देवरायाच्या मुलीशी लग्न, भीमेच्या काठी वसवलेले फिरोजाबाद, हे सारे इतिहासाच्या पुस्तकांतून येते, म्हणून इथे लांबवत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्याच्या दुसऱ्या नादाबद्दल.

लहानपणी त्याला शिकवायला शिराझचे फजलुल्ला इंजू होते. विद्येची गोडी तिथेच लागली असावी. राजा झाल्यावर त्याने चौल बंदरातून दरवर्षी परदेशी जहाजे पाठवावीत, ती मालासाठी तर खरीच, पण नामांकित विद्वान आणण्यासाठीही. हे सगळे आपल्याला फिरिश्ता सांगतो. त्याने ते विजापुरात बसून, दोनशे वर्षांनंतर लिहिले, तेव्हा त्यातला दरबारी फुगवटा वजा करूनच वाचावे. जनानखान्यात नाना देशींच्या स्त्रिया होत्या आणि सुलतान प्रत्येकीशी तिच्या भाषेत, म्हणजे मराठीतही, बोलत असे, हे त्यातलेच. पण एक गोष्ट आम्हाला मनापासून खरी वाटते. आठवड्यातून तीन दिवस, शनिवारी, सोमवारी आणि गुरुवारी, हा राजा स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायला बसे. दिवसा कारभारातून सवड मिळाली नाही तर रात्री. शिकवण्याच्या ग्रंथांत युक्लिडची भूमिती होती आणि नसीरुद्दीन तुसीच्या तज़्किरा या ज्योतिषग्रंथावरची टीकाही होती.

या तुसीने आपल्या ग्रंथात एक नाजूक प्रश्न हाताळला आहे. पृथ्वी स्थिर आहे की स्वतःभोवती फिरते? पृथ्वी फिरत असती तर वर फेकलेला दगड मागे पडला असता, असे जुने पंडित म्हणत. तुसीचे म्हणणे असे की भोवतालची हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असेल, तर नुसत्या पाहण्याने याचा निकाल लागणार नाही. त्याने स्वतः पृथ्वी स्थिरच मानली, पण दार किलकिले ठेवले. आपल्याकडे आर्यभटाने पृथ्वी फिरते हे इ.स. ४९९ च्या सुमारासच मांडले होते, पण पुढच्या पंडितांनी ते खोडून काढले. म्हणजे आज मंडपात मुले विचारतात त्यातला एक प्रश्न सहाशे वर्षांपूर्वी गुलबर्ग्यात अभ्यासल्या जाणाऱ्या ग्रंथात होता.

पुस्तकांवर फिरोजशहाचे भागले नाही. १४०७ मध्ये त्याने दौलताबादजवळ घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायचा हुकूम दिला आणि काम सोपवले हकीम हसन गिलानी व सय्यद मुहम्मद काझरूनी यांच्याकडे. त्या काळी दुर्बीण नव्हती. दगडाची किंवा धातूची मोठमोठी यंत्रे उभारायची आणि नुसत्या डोळ्यांनी ग्रहांच्या जागा रात्रीमागून रात्री टिपायच्या, हेच वेधशाळेचे काम. त्याला वर्षे लागतात. साडेसाती ज्यांनी भोगली आहे त्यांना सांगायला नको की शनी एका राशीत अडीच वर्षे बसतो. बारा राशी फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. इराणात मरागा येथे वेधशाळा काढताना तुसीने हुलागूखानाकडे तीस वर्षे मागितली होती, ती यासाठीच. खानाने बारा दिली.

फिरोजशहाच्या वेधशाळेच्या वाट्याला तेवढीही आली नाहीत. हकीम हसन वारला आणि काम अर्धवट पडले. पैसा होता, जागा होती, राजाची हौस होती; एक माणूस गेला आणि सारे थांबले, हे आम्हाला फार लागते. आपल्याकडच्या कितीतरी कामांचे असेच होते. पुढे राजाचेही दिवस फिरले. ख्वाजा बंदेनवाजांचे त्याने आधी मोठे स्वागत केले होते, मग बिनसले. पानगलच्या स्वारीत दारुण पराभव झाला. १४२२ मध्ये गादी भाऊ अहमदशहाकडे गेली आणि त्याच वर्षी फिरोजशहा वारला. अहमदशहाने पुढे राजधानीच बिदरला हलवली, ते बिदरकरांना ठाऊक आहेच. फिरोजशहाची सगळी कारकीर्द मोजली तरी शनीची एक फेरी त्यात पुरी होत नाही.

वेधशाळा पुरी झाली असती, तरी गुरूचे चंद्र काही तिथून दिसले नसते. ते १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले, चार. सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला तो मोठा धक्का होता.

मग मुलांना उत्तर काय द्यायचे? गौरीपुढे फुगडी खेळताना अंग जवळ घेतले की गिरकी वाढते, तसेच हे. सूर्य आणि ग्रह ज्या वायू-धुळीच्या ढगातून झाले तो हळूहळू फिरत होता. आकसू लागल्यावर त्याचा वेग वाढला आणि ती गिरकी ग्रहांत उतरली. थांबवणारे काही नाही, म्हणून ते फिरतच आहेत. गुरू दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो. शुक्र मात्र उलटा, आणि २४३ दिवसांत एकदा! चंद्र मिळण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. गुरूचे मोठे चंद्र त्याच्याभोवती उरलेल्या तबकडीतून घडले. नेपच्यूनने ट्रायटन हा आयता पकडला, म्हणून तो उलट दिशेने फिरतो. बुध सूर्याच्या इतका जवळ की चंद्र सांभाळणे त्याला कठीणच. आपला चंद्र बहुधा एका धडकेतून जन्मला. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला, उडालेला मालमसाला भोवती गोळा झाला आणि त्याचा चंद्र झाला. अपोलोने आणलेल्या दगडांवरून शास्त्रज्ञ या मताला आले.

हा चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे आणि त्यापायी पृथ्वीची गिरकीही अगदी किंचित मंदावते आहे. आम्ही हिशेब केला. हकीम हसन घाटमाथ्यावर जागा पाहत उभा होता, तेव्हापासून आजवर चंद्र जेमतेम २३ मीटर लांब गेला आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून परतताना तो सात घुमटांवर आलेला असतो. त्या रात्री त्याला पाहायला आजीचीही हरकत नसायची.