लुटुपुटूची लढाई आणि कॅप्टन सायबोर्न

दिवाळीत किल्ला केला नाही असे आमच्या वाड्यातले एकही वर्ष मला आठवत नाही. दगड-विटांवर गोणपाट, त्यावर चिखलाचे लिंपण, उतारावर पेरलेले अळीव, आणि पायऱ्यापायऱ्यांवर बाजारातून आणलेले मातीचे मावळे. पण मावळे उभे केले की खेळ संपे. शत्रू कोणत्या वाटेने येणार, बुरुजावरच्या पहारेकऱ्याला तो केव्हा दिसणार, हे कुणी विचारीत नसे. मी विचारले तर मोठी मुले हसत.

दोन वर्षांपूर्वी इतिहास मंडळाच्या सहलीत आम्ही अहिल्यानगरचे (तेव्हाचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय पाहिले. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे ओळीने उभे आहेत. पोलादाची जाडी पाहून थक्क व्हायला झाले खरे, पण माझा जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. हा रणगाडा कोणत्या शेतातून गेला? समोर टेकाड होते की नाला? शस्त्र समोर होते, भूमी मात्र नव्हती. परत आल्यावर आमच्या सरांनी ग्रंथालयातले एक जाडजूड पुस्तक हाती ठेवले. त्यातल्या एका छायाचित्रात वॉटर्लूचे अख्खे रणांगण एका दालनात मांडलेले होते. लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांत आणि छोट्या सैनिकांनी युद्धखेळ खेळणाऱ्यांत ज्याचे नाव घरच्यासारखे घेतले जाते, त्या विल्यम सायबोर्नची आणि माझी ओळख झाली ती अशी.

सायबोर्नचा जन्म १७९७ सालचा. बाप सैन्यात अधिकारी, तेव्हा मुलगाही त्याच वाटेने गेला. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई झाली तेव्हा तो त्या रणांगणावर नव्हता. लढाई संपल्यावर फ्रान्समध्ये ठेवलेल्या फौजेबरोबर तो पॅरिसला पोचला. आयुष्यभर ज्या लढाईने त्याचा पिच्छा पुरविला, ती त्याने पाहिलीच नव्हती! मला वाटते, पाहिली असती तर आपल्याला दिसले तेवढेच खरे मानून तो गप्प बसला असता.

त्याचा खरा हातखंडा भूमापनात. जमिनीचे चढउतार कागदावर आणि प्रतिकृतीत कसे उतरवावेत यावर त्याने १८२७ साली एक ग्रंथ लिहिला. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल याने त्याच्यावर वॉटर्लूच्या प्रतिकृतीचे काम सोपविले. सायबोर्न उठला आणि थेट रणांगणावर जाऊन राहिला. ला ए सेंत नावाचे ज्या शेतवाडीसाठी त्या दिवशी रक्ताचे पाट वाहिले, तिथेच आठ महिने मुक्काम करून त्याने बांध, कुंपणे, खोलगट रस्ते मोजले. तोवर जमीन बदललेली होती. १८२० ते १८२६ च्या दरम्यान तिथे सिंहाचा पुतळा बसविण्यासाठी मातीचा प्रचंड ढिगारा उभारला गेला आणि त्यासाठीची माती इंग्रज फौज जिथे उभी होती त्याच कण्यावरून खरवडून काढली गेली. स्मारकाने रणांगण खाल्ले म्हणायचे.

जमीन मोजता येते. माणसे कुठे उभी होती ते कसे मोजणार? सायबोर्नने हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनची खासी फौज चालून आली त्या वेळी, तुमची पलटण कुठे होती, रचना कशी होती, समोर शत्रू कोण, शेतात पीक कोणते, असे त्याचे प्रश्न. पीक कोणते, हा प्रश्न वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. पुरुषभर वाढलेल्या राईच्या पिकात उभ्या शिपायाला काय दिसणार? माझ्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याचाच हा प्रश्न! शेकडो उत्तरे आली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सायबोर्नने बर्लिनलाही लिहिले आणि प्रशियन सेनाधिकाऱ्यांनी आपल्या फौजेची माहिती कळविली.

इथून अडचणी सुरू झाल्या. १८३३ साली सरकारने पैसा देण्याचे थांबविले. त्याने खिशाला खार लावून, कर्ज काढून काम चालूच ठेवले. एकंदर खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर गेला. साध्या लेफ्टनंटला तो कसा झेपावा? १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांसमोर आली. एका मैलाला नऊ फूट असे प्रमाण, चारशे चौरस फुटांहून मोठा पसारा, आणि त्यावर जेमतेम बोटाच्या पेराएवढे, सुमारे दहा मिलिमीटर उंचीचे, सत्तर हजारांवर धातूचे शिपाई. सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिले. सायबोर्नच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही.

दुसरे दुखणे पैशाहून मोठे होते. प्रतिकृतीत संध्याकाळी सात वाजता नेपोलियनच्या उजव्या बगलेवर प्रशियन सैन्याची दाटी दिसत होती. पाहणाऱ्याला सहजच वाटे की विजय दोघांचा. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचले नाही. (हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच.) न्याय करायचा तर सांगायला हवे की लढाईच्या दुसऱ्याच दिवशीच्या अहवालात त्याने प्रशियनांच्या मदतीचे श्रेय दिले होते. शिवाय त्याची एक हरकत मला बिनतोड वाटते. प्रत्येक अधिकारी आपल्या पराक्रमाची घटका तीच सात वाजताची घटका समजून सांगणार, आणि वेगवेगळ्या वेळच्या हकीकती एकाच क्षणात गोठणार. तरीही, पुढे सायबोर्नने मांडलेले हजारो प्रशियन शिपाई प्रतिकृतीवरून उचलले, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही. दबाव किती आणि त्याचे स्वतःचे मत किती बदलले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला मत बदलणे सोपे जात असावे, एवढेच मला कळते.

१८४४ साली त्याने या युद्धाचा दोन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि एक दुसरी, मोठ्या प्रमाणावरची प्रतिकृतीही केली. ती आज लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे. १८४९ मध्ये तो वारला. त्याच्या मुलाने, हर्बर्टने, त्या पत्रांतली निवडक पत्रे १८९१ साली छापली. पहिली प्रतिकृती आता लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पण गेल्या मे महिन्यात वसतिगृहात दोन टेबले जोडून, थर्मोकोल कापून तो कणा उभा केला, त्यावर भुसा पसरला आणि आगपेटीच्या काड्यांचे शिपाई रंगवले. फाशांनी खेळायचे, एक डाव म्हणजे अर्धा तास, असा नियम केला. माझा खोलीतला मित्र नेपोलियन झाला. आणि पहिलाच प्रश्न असा आला की प्रशियन टेबलावर आणायचे कोणत्या डावाला, आणि किती? साडेचारला प्लांसेनुआच्या बाजूने आणले तर त्याला आपली राखीव फौज तिकडे वळवावी लागते आणि माझा कणा वाचतो. सातला आणले तर मी सहाच्या आतच संपतो. दोन्ही रीतींनी खेळून पाहिले. पहिल्यांदा मी जिंकलो, दुसऱ्यांदा तो.

तिसऱ्या डावाच्या आधी मित्राने माझ्या प्रशियन काड्यांपैकी निम्म्या हळूच उचलून खिशात टाकल्या. मी विचारले तेव्हा तो म्हणाला की नकाशावर एवढी गर्दी बरी दिसत नाही. सायबोर्नची गोष्ट मी त्याला तोवर सांगितलेलीच नव्हती. त्या काड्या परत मिळाल्या, पण प्रशियनांच्या वेळेवर आमचे अजून एकमत झालेले नाही. सुटीनंतर पुन्हा टेबले जोडायची आहेत.