सापांची ओळख करून देणारे डॉक्टर

पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात यवत हे गाव आहे. तेथून भुलेश्वरच्या डोंगराकडे निघालात, की खडकाळ माळ लागतो. अशा कोरड्या, दगडधोंड्यांच्या जागी फुरसे हा लहानसा विषारी साप राहतो. राजस्थानच्या वाळवंटातही तो आढळतो.

मुलांनो, साप विषारी आहे की बिनविषारी, हे तुम्हांला ओळखता येईल का? पूर्वी फार थोड्या लोकांना ते येई. त्यामुळे दिसेल तो साप मारला जाई. साप ओळखण्याची रीत लोकांना समजावून देणाऱ्या एका डॉक्टरांची ही ओळख आहे. त्यांचे नाव फ्रँक वॉल.

वॉल यांचा जन्म १८६८ साली श्रीलंकेत झाला. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८९३ साली ते सरकारी वैद्यकीय सेवेत शिरले आणि भारतात आले. नोकरीत त्यांची अनेक ठिकाणी बदली झाली. जेथे जात, तेथे ते साप गोळा करीत. मेलेला सापही त्यांना मोलाचा वाटे. ते त्याची लांबी मोजत, खवल्यांच्या रांगा मोजत. पोट उघडून त्याने काय खाल्ले, पोटात अंडी आहेत की पिल्ले, हे पाहत आणि सारे लिहून ठेवत.

अशा नोंदींतूनच सापांची खरी माहिती मिळते. धामण उंदीर खाते, म्हणजे ती शेतकऱ्याला मदतच करते. फुरसे विंचू, गोमी, सरडे खाते. आपल्याकडचे फुरसे अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते.

विषारी साप कसे ओळखावे, यावर वॉल यांनी एक पुस्तक लिहिले. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने ते १९०७ साली प्रसिद्ध केले. रंगावर विसंबू नका, खवले पाहा, असा त्याचा सारांश होता. मण्यारीच्या पाठीवरील मधल्या रांगेतले खवले मोठे व षट्कोनी असतात. फुरशाच्या डोक्यावर मात्र बारीक खवले असतात.

१९२५ साली वॉल यांची भारतातील नोकरी संपली. १९५० साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आज सापाला मारणे किंवा पकडणे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून साप दिसला, तर दूर उभे राहा. कोणाला साप चावलाच, तर वेळ न घालवता त्याला दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. पण ती वेळेवर मिळाली पाहिजे.