बेसेल : स्वतःची चूक मोजणारे खगोलशास्त्रज्ञ

शाळेच्या क्रीडास्पर्धांत धावण्याच्या शर्यतीला दोन शिक्षक हाती स्टॉपवॉच घेऊन उभे असलेले तुम्ही पाहिले असतील. धावणारा एकच, रेषाही एकच. तरी दोन घड्याळांवरची वेळ क्वचितच जुळते. मीही त्या रेषेपाशी अनेकदा उभा राहिलो आहे आणि माझेच घड्याळ बरोबर असे मनाशी ठरवून मोकळा झालो आहे. आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्यांनी तसे केले नाही.

फ्रीडरिख विल्हेल्म बेसेल यांचा जन्म २२ जुलै १७८४ रोजी जर्मनीतील मिंडन येथे झाला. वडील साधे सरकारी नोकर, घरात नऊ मुले. लॅटिन भाषा बेसेलना मुळीच रुचेना. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ब्रेमेन बंदरातील एका व्यापारी पेढीत हिशेबाची उमेदवारी सुरू झाली. पेढीचा माल जहाजांनी परदेशी जाई. या व्यापारापायी ते फावल्या वेळात नौकानयन शिकू लागले. नौकानयनासाठी तारे आणि ताऱ्यांसाठी गणित! १८०४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, या उमेदवार कारकुनाने १६०७ च्या जुन्या नोंदींवरून हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढली आणि ब्रेमेनमधील नामवंत डॉक्टर व खगोलशास्त्रज्ञ ऑल्बर्स यांच्या हाती ठेवली. तेथून त्यांचे दिवस पालटले. १८०६ मध्ये ते लिलिएन्टालच्या वेधशाळेत साहाय्यक झाले आणि १८१० मध्ये क्योनिग्सबर्गच्या नव्या वेधशाळेचे प्रमुख. विद्यापीठात त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाऊल ठेवले नव्हते. प्राध्यापकपदासाठी लागणारी पदवी त्यांना थोर गणिती गाउस यांच्या शिफारशीने मिळाली. पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता थोडे इंग्लंडकडे वळू. त्या काळी ताऱ्याची वेळ कशी घेत, ते आधी समजून घ्या. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक धागे ताणलेले असत. डोळा सरकत्या ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या टिकटिकीवर ठेवून, तारा धाग्यावरून नेमका केव्हा गेला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने लिहायचे. ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मास्कलिन यांना असे आढळले की, आपला साहाय्यक किनब्रुक आपल्यापेक्षा उशिराची वेळ लिहितो. ताकीद देऊनही फरक वाढून ०.८ सेकंदांवर गेला. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. पण रेखांश ठरवताना तेवढ्याच चुकीने विषुववृत्तावर सुमारे ३७० मीटर इकडचे तिकडे होतात. १७९६ मध्ये किनब्रुकची नोकरी गेली. मास्कलिन दुष्ट नव्हते. ही हकिकत त्यांनी स्वतःच वेधशाळेच्या अहवालात छापली. मात्र चूक साहाय्यकाचीच, हे त्यांनी गृहीत धरले. वर्गात आपण शिक्षकही एखाद्या मुलाला असेच वेंधळा ठरवून टाकतो.

ही जुनी हकिकत बेसेल यांच्या वाचनात आली. नोकरी जाण्याची धास्ती असलेला मनुष्य जाणूनबुजून चुकत राहील, हे त्यांना पटेना. त्यांनी पारखायला घेतले ते स्वतःलाच. १८२० च्या हिवाळ्यात वालबेक नावाचे खगोलशास्त्रज्ञ क्योनिग्सबर्गला आले होते. दोघांनी दहा तारे निवडले; एका रात्री पाच एकाने पाहायचे, पाच दुसऱ्याने; दुसऱ्या रात्री अदलाबदल. दोघेही मुरलेले निरीक्षक, तरी बेसेल यांची वेळ दरवेळी आधीची, आणि फरक थोडाथोडका नव्हे, १.०४ सेकंद! किनब्रुकच्या फरकाहूनही जास्त. पुढे आर्गेलांडर यांच्याशी तुलना केली, तेव्हाही फरक सेकंदाहून अधिकच निघाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. काही चुका कधी पुढे, कधी मागे पडतात. आजचे शास्त्रज्ञ अशा विस्कळीतपणाला नॉइज, म्हणजे गोंगाट म्हणतात. पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढली की तो बराच ओसरतो. पण जी चूक नेहमी एकाच बाजूला पडते, ती हजार वेळा मोजले तरी सरासरीत तशीच बसून राहते. ती उघडी पडते ती दुसऱ्या माणसाशी तुलना केली तरच. बेसेल यांच्या या कामानंतर निरीक्षकांमधील फरक मोजून तो हिशेबात धरण्याची पद्धत पडली. डोळा आणि कान यांच्याकडून आलेली खबर मेंदूत जुळायला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा निराळा असतो, हा विषय पुढे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतही गेला. किनब्रुकला यातले काहीच कळले नाही. तो १८०२ मध्येच वारला होता.

चुकांची अशी पारख असल्यामुळेच बेसेल यांचे पुढचे काम उभे राहिले. १८३८ मध्ये त्यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर काढले. त्यासाठी मोजलेला कोन ०.३१ विकला होता. अडीच सेंटीमीटरचे नाणे सोळा किलोमीटरवरून पाहावे, एवढा तो लहान! आकाशातील शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करणारे, घड्याळाच्या ठोक्यावर न विसंबणारे यंत्र त्यांनी यासाठी वापरले. त्यांचे उत्तर सुमारे १०.३ प्रकाशवर्षे आले. आजचे उत्तर ११.४ आहे.

१८४४ मध्ये व्याधाच्या तारकेची वाट त्यांना किंचित नागमोडी दिसली. दुसऱ्या कोणी हा वेधांतला दोष म्हणून सोडून दिला असता. आपल्या चुका किती मोठ्या असू शकतात हे बेसेल यांना ठाऊक होते आणि हा फरक त्याहून मोठा होता. व्याधाला न दिसणारा जोडीदार असला पाहिजे, असे त्यांनी जाहीर केले. १७ मार्च १८४६ रोजी त्यांचे निधन झाले. तो जोडीदार १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन क्लार्क यांना नवी दुर्बीण तपासून पाहताना दिसला.